वेस

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. तिकडे खाल्लेत काय, आणि एकूण खर्च किती आला? गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी इटलीस जाऊन आलो, तेव्हा या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी तयार ठेवली होती. पण शाळा उघडली त्या दिवशी आमच्या हेडमास्तरांनी तिसराच प्रश्न विचारला. "मास्तर, सगळ्यांत चांगलं काय पाहिलंत?" मी विचार न करता बोलून गेलो, "एक वेस पाहिली."

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "अहो, वेस बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे काय वेशी थोड्या होत्या?" 'होत्या' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता, पण तो मला लागला. आमच्या गावालाही एक वेस होती. ती आता नाही. ती का नाही हे मला इतरांपेक्षा जरा अधिक ठाऊक आहे. कारण ती पाडण्याच्या ठरावाची भाषा माझी आहे आणि अक्षरही माझेच.

पण ते मागाहून सांगेन. आधी ती तिकडची वेस.

माझा भाचा पिसा येथे विद्यापीठात संशोधन करतो. त्याच्याच आग्रहामुळे आणि त्याच्याच पैशाने हा प्रवास घडला, हे कबूल करायला हरकत नाही. पिसाचा कललेला मनोरा पाहून झाला. त्याला हात लावल्यासारखा फोटो काढण्याचा जो शिष्टाचार आहे, तोही पाळून झाला. मग एका संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, उद्या तुम्हांला एका जुन्या गावी नेतो. सकाळी जायचं, रात्री परत. गर्दी नाही; चढ मात्र पुष्कळ आहे." त्या गावाचे नाव व्होल्तेर्रा.

पिसाहून आगगाडीने पोन्तेदेरा आणि तिथून पुढे बस. बस निघाली ती हिरव्या गव्हाच्या लाटांमधून वळणे घेत वरवर चढू लागली. झाडे थोडी, टेकड्यांच्या माथ्यावर आमच्या सुरूसारखी सडपातळ सायप्रेसची झाडे रांगेने उभी. पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, एका लांबट डोंगराच्या पाठीवर हे गाव बसले आहे. खालून पाहिले तर गडावर वस्ती असावी तसे दिसते. रोमचे राज्य पसरण्यापूर्वी या मुलखात एट्रुस्कन नावाचे लोक राहत. त्यांच्या बारा प्रमुख नगरांपैकी हे एक. तेव्हा त्याचे नाव वेलाथ्री होते. त्या काळच्या तटाचा घेर सुमारे सात किलोमीटरांचा होता. आजचे गाव त्या मानाने आक्रसलेले आहे. वस्ती जेमतेम दहा हजारांची. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात असावा, तसा तो जुना तट गावाच्या भोवती सैल पडला आहे.

या गावाने सोसलेही पुष्कळ. रोमन सेनानी सुल्ला याने त्याला वेढा घातला. पुढे १४७२ साली फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो मेदिचीच्या सैन्याने ते लुटले, आणि तेही कशावरून, तर तुरटीच्या खाणीवरून! कापड रंगवायला तुरटी लागे, आणि फ्लॉरेन्सचे वैभव कापडावर उभे होते. आमच्या गावचा नाभिक दाढी झाल्यावर जो खडा गालावरून फिरवतो, त्याच्यासाठी एक शहर लुटले गेले. लोरेन्झोने नंतर गावावर वचक राहावा म्हणून माथ्यावर किल्ला बांधला. त्यात आज तुरुंग आहे, आणि १९८८ पासून तिथले कैदी नाटके करतात. मनुष्याच्या इमारती कुठल्या कुठे जातात पाहा.

बसमधून उतरल्यावर एक अरुंद गल्ली उतरत खाली जाते. दोन्ही बाजूंना आलाबास्टर दगडाचे काम करणाऱ्यांची दुकाने आणि कारखाने. हा दगड इतका मऊ आणि इतका निर्मळ, की पातळ तासला तर पलीकडचा दिवा दिसतो. गल्लीच्या शेवटी ती वेस आहे. 'पोर्ता आल्लार्को', म्हणजे कमानीचा दरवाजा. खालचे अजस्र दगड इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातले. कमान मागाहून रोमनांच्या काळी दुरुस्त झालेली. बाहेर जाऊन मान वर केली की कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एक-एक आणि मध्यावर एक, अशी तीन दगडी मस्तके दिसतात. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. वारा-पावसाने सारे पुसून नेले आहे. कोणी म्हणतात, हे नगराचे रक्षक देव. कोणी म्हणतात, ही मारलेल्या शत्रूंची मुंडकी. देव की शत्रू, एवढे मोठे अंतर जिथे पुसले गेले आहे, तिथे त्या चेहऱ्यांविषयी आणखी काय सांगावे!

मी वर पाहत उभा होतो. एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्या कमानीखालून गेली. तिने वर पाहिले नाही. तिने का पाहावे? आम्ही तरी लहानपणी आमच्या वेशीकडे कुठे पाहत होतो?

भाचा मला आत घेऊन आला आणि भिंतीवरची एक पाटी दाखवून म्हणाला, "हे वाचण्यासाठी तुम्हांला आणलं." मला इटालियन येत नाही. मॅट्रिकपुढे मी शिकलो नाही, आणि मॅट्रिकला जे इंग्रजी होते तेही आता कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात गंजले आहे. तेव्हा त्यानेच मला तो वृत्तान्त सांगितला.

१९४४ चा जून महिना. दुसरे महायुद्ध. जर्मन सैन्य मागे हटत होते आणि दोस्तांचे सैन्य दक्षिणेकडून वर येत होते. हटणाऱ्या सैन्याचा नियम असा, की मागे पूल ठेवू नये, रस्ता ठेवू नये, दरवाजा ठेवू नये. ही वेस सुरुंगाने उडवून रस्ता बंद करायचा असे जर्मनांनी ठरवले. गावकऱ्यांनी त्यांना एकच गोष्ट पटवली : तुम्हांला रस्ताच बंद करायचा आहे ना? आम्ही वेस दगडांनी गच्च भरून देतो. मुदत चोवीस तासांची. ३० जून १९४४. दगड आणायचे कुठून? मग आत्ता मी ज्या गल्लीतून उतरून आलो, त्या गल्लीची फरशी गावाने उखडली. पायाखालचा रस्ता काढला आणि तो वेशीत रचला. मुदतीच्या आत वेस बुजली, आणि म्हणून उभी राहिली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकन सैन्य गावात आले.

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी तिथल्या तिथे भाच्याचा हात हातात घेतला. पण त्याचा पिंड शास्त्रज्ञाचा. तो शांतपणे म्हणाला, "मामा, यात एक गोम आहे. रस्ता बंद व्हायचा तो झालाच. आपल्याला सोडवायला येणाऱ्यांची वाट या लोकांनी आपल्याच हातांनी अडवली. दगड वाचले, पण त्यापायी पलीकडचा एखादा शिपाई अधिक मेला असता तर?"

आता यावर काय बोलावे? मुलांच्या निबंधाला आम्ही 'माणूस श्रेष्ठ की कला' असे विषय देतो, आणि मुलेही पाठ केल्यासारखी 'माणूस' म्हणून लिहितात. मीही तसेच गुण देतो. पण इथे मला तो शिपाई खरोखरच दिसू लागला. कारण त्याचे नाव मला माहीत होते.

त्या उन्हाळ्यात इटलीत लढणाऱ्या सैन्यात आपली माणसे होती. व्होल्तेर्राच्या पूर्वेला, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी, म्हणजे ही वेस बुजवल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे पडला. कुलाबा जिल्ह्यातला, माणगावकडचा मुलगा, वय बावीस. मशिनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सारे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा धावून गेला, हातबाँब टाकून त्याने ती तोफ बंद पाडली. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने झुंजला. आणि मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि पुतळा इकडे माणगावात. भातखाचरांतून उठून गेलेल्या त्या पोराला इटलीतल्या वेशीशी काय कर्तव्य होते? एका तागडीत तो आणि दुसऱ्या तागडीत ती तीन बिननाकाची मस्तके घातली, तर मी कुठल्या तोंडाने दगडांच्या बाजूला उभा राहू?

भाच्याला मी काही उत्तर दिले नाही. आम्ही वर गावात गेलो.

ग्वार्नाच्चींच्या संग्रहालयात दोन तास गेले. मारियो ग्वार्नाच्ची या गृहस्थाने १७६१ साली आपला सारा संग्रह गावाच्या स्वाधीन केला. तिथे रक्षापेट्या आहेत, सहाशेंच्या वर. एट्रुस्कन लोक मृताची रक्षा दगडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या पेटीत ठेवीत आणि झाकणावर त्या माणसाची मूर्ती घडवीत, पंगतीत लोडाला टेकून बसल्यासारखी. एका झाकणावर एक म्हातारा आणि म्हातारी आहेत. सुरकुत्या जशाच्या तशा. म्हातारी नवऱ्याकडे अशी पाहते आहे, की आता ती त्याला औषध घेतले का म्हणून विचारणार. दालनामागून दालने असे चेहरे पाहून जीव दमतो. 'सायंकाळची छाया' नावाची एक लांबच लांब काशाची मूर्ती तिथे फार प्रसिद्ध आहे; मला ती विशेष भावली नाही.

भावली ती एक साधी पेटी. तिच्या दर्शनी बाजूला ग्रीकांच्या थीब्ज नगरीचा वेढा कोरला आहे. एक वीर तटावर चढू पाहतो आहे आणि खाली कोसळतो आहे. आणि थीब्जची वेस कशी दाखवली आहे? कमानीवर तीन मस्तके! कारागिराने थीब्ज कधी पाहिले नसावे. दूरदेशीच्या नगरीला वेस द्यायची, तर त्याने आपल्या गावची दिली. आमच्या चौथीतल्या मुलांना लंकादहन काढायला सांगितले, तर त्यांच्या लंकेत आमच्या मारुतीचे देऊळ आणि पाण्याची टाकी हमखास येते. मी पूर्वी लाल शाईने तिथे 'चूक' असे लिहीत असे.

त्या पेटीपुढे उभा असताना मला माझी वेस आठवली. आठवली म्हणजे काय, ती सकाळपासून मनात होतीच. आता ती पुढे येऊन उभी राहिली. दोन बसके बुरूज, मध्ये कमान, आत दोन्ही अंगांना देवड्या. पोळ्याला तोरण वेशीत बांधत. सगळ्या गावचे बैल तिथे वाजतगाजत जमत, आणि तोरण तुटले की शिंगे उधळीत आत शिरत. नवी नवरी गावात यायची ती वेशीत थांबून, नारळ ओवाळून घेऊन. तिचा बांधणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. गॅझेटियरात तिचे नाव नाही, पुस्तकात चित्र नाही. कुणी उद्या लंका काढायला घेतली, तर तीत ती येत होती, एवढेच.

दुपारी आम्ही रोमन रंगमंदिर पाहिले. तटावरून खाली पाहिले की अर्धचंद्राकार पायऱ्या आणि तुटके खांब दिसतात. शतकानुशतके गाव तिथे तटावरून केरकचरा टाकीत असे, आणि खाली असे काही आहे याचा पत्ता नव्हता. १९५०च्या सुमारास एन्रिको फ्युमी या संशोधकाने ते उकरायचे ठरवले. पैसा नव्हता. तेव्हा गावातल्या मनोरुग्णालयातले रुग्ण त्याच्याबरोबर खणायला आले. गावाने ज्यांना भिंतीआड ठेवले होते, त्यांनी गावाचे विसरलेले वैभव टोपल्या-टोपल्यांनी बाहेर काढले. फ्युमीचे नाव मला वाचायला मिळाले. त्या खणणाऱ्यांची नावे कुठे दिसली नाहीत.

उन्हे कलल्यावर भाचा मला गावाबाहेर 'बाल्त्से' पाहायला घेऊन गेला. 'बाल्त्से' म्हणजे कडे. डोंगर तिथे वाळू आणि चिकणमातीचा आहे. पावसाने तो खालून पोखरत जातो आणि वरची जमीन ढासळते. त्या दरीने एट्रुस्कनांच्या थडग्यांचे रान गिळले, तटाचा भाग गिळला, एक देऊळ गिळले. काठावर एक ओसाड मठ उभा आहे, तोही जाणार. गावाचा मध्ययुगीन तटसुद्धा २०१४ च्या जानेवारीत अतिवृष्टीने एके ठिकाणी कोसळला होता.

भाचा कड्याच्या काठी बसून म्हणाला, "बघा मामा. वेस वाचवली काय नि न वाचवली काय. शेवटी सगळं इथंच येणार."

हे वाक्य मी ओळखले. याच वाक्याचा सरकारी तर्जुमा मी एकदा केला होता. 'सदर वेस जीर्ण व धोकादायक झाली असून...' मग त्या कड्यावर बसून मी त्याला सगळे सांगितले. आपली लक्तरे वेशीवर टांगू नयेत म्हणतात. मला टांगायला वेसही उरलेली नव्हती, म्हणून परक्या गावच्या दरीच्या काठावर ती टांगली.

२००९ सालची गोष्ट. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या की तो वेशीतून येत नसे. पण ते काही खरे कारण झाले नसते. त्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला बाजेवर घालून वेशीबाहेरच्या जीपपर्यंत न्यावे लागले. ती वाचली, मूल गेले. मग वेशीच्या बाजूने बोलायला कोण उठणार? ग्रामसभेत सारेजण म्हणाले, माणूस मोठा की दगड? ठराव शुद्ध मराठीत लिहून द्यायला मला सांगितले. मी कादंबरीकार, 'जनतेच्या जीवितास धोका' असे चार शब्द कसे बसवावेत हे मला समजते. मी लिहिले, मी वाचून दाखवले, आणि हात वर केले त्यांत माझाही होता. जेसीबी आला. 'जीर्ण व धोकादायक' वेस पाडायला त्याला दोन दिवस लागले. चुना दगडाला सोडीत नव्हता.

भाचा म्हणाला, "मग त्यात तुमचं काय चुकलं? मूल गेलं होतं ना?"

"रस्त्याला दुसरी वाट होती," मी म्हणालो. "ओढ्याच्या अंगानं. तीन घरांच्या जमिनीचा कड घेतला असता की झालं असतं. वेसही राहिली असती, जीपही आली असती."

"मग?"

"सरपंच आधी त्यासाठी घरोघर आला होता. आपल्याकडंही आला. चहा झाला. दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बघू."

मराठीत 'बघू' म्हणजे काय, हे परदेशी वाढणाऱ्या मुलालाही सांगावे लागत नाही. तो बराच वेळ दरीत पाहत राहिला. ते गाव त्याचे आजोळ. सुटीत त्या ओढ्यात तो डुंबला आहे. "बाभळीजवळचं वावर?" त्याने विचारले.

"तेच. अडीच गुंठे गेले असते."

त्या घटकेला मला सकाळच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर सापडल्यासारखे वाटले. घाडगे आणि ती तीन मस्तके यांचे वजन करायला मी अजूनही असमर्थ आहे. त्या तागडीपुढे मी मान खाली घालतो, आणि व्होल्तेर्राच्या लोकांचे करणे निर्दोष होते असेही म्हणवत नाही. पण त्यांनी वेशीच्या बदल्यात जे दिले ते स्वतःचे दिले. रस्ता आपला, पाठ आपली. आमच्या ग्रामसभेत एका पारड्यात वेस होती, दुसऱ्यात ते गेलेले मूल होते. आणि आमचे अडीच गुंठे कुठल्याच पारड्यात नव्हते. ते तराजू धरणाऱ्याच्या खिशात होते. 'माणूस मोठा की दगड' हा प्रश्न मी इतक्या उंच आवाजात वाचला, की तिसरी वस्तू कुणाला ऐकू येऊ नये. त्या मुलाचे मरण मी माझ्या बांधाला कुंपण म्हणून वापरले. एवढे स्पष्ट मी त्या मुलाच्या आईलाच काय, माझ्या पत्नीलाही आजवर सांगितले नव्हते. तिच्या न्हाणीशेजारी धुण्याचा जो दगड आहे, तो त्या वेशीचाच आहे. पाडकाम झाल्यावर ज्याने-त्याने हवे ते दगड नेले. मीही एक आणला.

शेवटची बस चुकू नये म्हणून आम्ही उठलो. त्यासाठी पुन्हा त्या गल्लीच्या तोंडावरून जावे लागले. आज ती फरसबंद आहे. पावलांनी गुळगुळीत झालेले दगड दिव्यांच्या उजेडात चमकत होते. भाचा पुढे चालत होता. वळून म्हणाला, "मामा, पोळ्याचं तोरण आता कुठं बांधतात?"

"विजेच्या दोन खांबांना," मी म्हणालो.

घरी परतल्यावर आठ-दहा दिवस गाठीभेटींत गेले. मग एका संध्याकाळी कुणाला काही न सांगता मी ओढ्याकडे गेलो. पाऊस पडून गेला होता आणि वावरात पाणी साचले होते. बाभळीपासून ओढ्याच्या काठापर्यंत मी पावले मोजली. एक्केचाळीस भरली. तिथे ऊस कधीच धड येत नाही. दरवर्षी पिवळा पडतो.